हौसाक्का रान निवडायची तेव्हा

हौसाक्काइतकं भित्रं माणूस मी आजवर पाहिलेलं नाही. आणि त्या गावात बंदुकीचा परवाना असलेली बाई ती एकटीच. या दोन गोष्टी एकाच बाईच्या ठिकाणी कशा, हे कळायला मला तिच्या घरात दोन सुग्या काढाव्या लागल्या.

मी मूळची कसबा बावड्याची. नर्सची नोकरी लागली आणि शिरोळ तालुक्यात, पार कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या एका गावात आरोग्य उपकेंद्रावर नेमणूक झाली. उपकेंद्राची राहायची खोली गळत होती, म्हणून गावात जागा बघत हिंडत होते. दोन घरांत माझं आडनाव ऐकल्यावर खोली नेमकी कालच दुसऱ्याला देऊन झालेली निघाली. हौसाक्कानं आडनाव विचारलंच नाही. ती उंबऱ्यात उभी राहून मला वरपासून खालपर्यंत बघत म्हणाली,

"झोपंत चालतीस काय गं?"

"नाही."

"कुनी तापट मानूस येतंय काय भेटाय? भाऊ, नवरा?"

"नाही हो. का?"

"घरात बंदूक हाय. आदी सांगितल्यालं बरं. मागनं म्हनशील, आक्का बोलली न्हाय."

मग तिनं मला आत नेऊन ती लोखंडी पेटी दाखवली. कुलूप ओढून दाखवलं. काडतुसं दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या कुलपात होती, तेही ओढून दाखवलं. मी भाड्याचं विचारायच्या आत तिनं विचारलं, "आता भ्या वाटत न्हाय न्हवं?" मला तोवर वाटत नव्हतं. ती दोन कुलपं बघून वाटायला लागलं.

आक्का तेव्हा साठीला आलेली. उंच, हाडकुळी, रापलेली. साडीवर मेलेल्या नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट, डोक्याला टॉवेल. आमच्याकडच्या पुष्कळ बायकांसारखी "मी आलो, मी गेलो" असंच बोलायची. आवाज असा की चार घरं पलीकडच्या माणसानं ओ द्यावी. भीतीसुद्धा ती मोठ्या आवाजातच बोलून दाखवायची. कुकरची शिट्टी झाली की छातीवर हात. ट्रॅक्टरचं सायलेन्सर फटफटलं की जिथं असेल तिथून हाक, "सुले, हैस न्हवं?" सुलाबाई ही तिची नणंद. लग्न न झालेली, डावा डोळा गेलेली. ती आतून शांतपणे म्हणायची, "हाय. कुटं जातो मी?" हे दिवसातून पाच-दहा वेळा चालायचं. पहिल्या आठवड्यात मला हसू यायचं.

बंदूक बाराबोरची दुनाळी. सासऱ्यांच्या काळी पीक राखायला म्हणून परवाना निघालेला, तो मुलाकडे, म्हणजे आक्काच्या नवऱ्याकडे आला आणि तो गेल्यावर आक्काच्या नावावर झाला. ती मारायची ते फक्त पारवे. होल्याला, तितराला हात लावायची नाही; "त्येला कायदा हाय" म्हणायची. पारवे आमच्या भागात उदंड. जुन्या विहिरींच्या कपारीत राहतात आणि सुगी झाली की थव्यानं रानात उतरतात. काढलेलं सोयाबीन, काढलेला हरभरा, उपटलेला भुईमूग. मळणीत सांडलेला दाणा त्यांना लांबून दिसतो. कुणाच्या रानात थवा फार बसायला लागला तर लोक आक्काला सांगत. पण तिच्या दारात जास्त यायची ती लकव्याची माणसं. अंगावरनं वारं गेलेल्या माणसाला पारव्याचा रस्सा पाजला की हात-पाय हलतात, अशी आमच्याकडे जुनी समजूत आहे. कुणाची आई, कुणाचा बाप अंथरुणाला खिळलेला, आणि मुलगा आक्काच्या पायरीवर येऊन बसलेला, असं चित्र मी कितीदा तरी पाहिलं.

मला ते बघवायचं नाही. मी एकदा बोललेही, "आक्का, पारव्यानं लकवा जात नाही. तुम्ही उगीच लोकांना आशा लावता."

"मला म्हाईत न्हाय व्हय?" ती म्हणाली. "पर त्यो दवाखान्यातनं रिकामा आलाय. देवाकडनं रिकामा आलाय. माझ्याकडनं बी रिकामा धाडू?"

पण गंमत अशी, की बहुतेक माणसं आक्काकडूनही रिकामीच जायची. कारण तिला रान पसंत पडायचं नाही.

तिचं रान निवडणं मी पहिल्यांदा पाहिलं ते थंडीत, सोयाबीन निघाल्यावर. उपकेंद्र उघडायच्या आधी मी फिरायला म्हणून तिच्याबरोबर गेले होते. मला वाटलं होतं ती पारवे बघेल. कुठं जास्त बसतात, कुठं दाणा जास्त सांडलाय. तिनं पाखरांकडे मान वर करून बघितलंसुद्धा नाही. हातात बंदूकही नव्हती, ती घरी कुलपात. नुसती काठी घेऊन ती रानाच्या कडेकडेनं चालत होती आणि माणसं शोधत होती.

"ह्यो ऊस," पहिल्या रानाच्या बांधावर उभी राहून ती म्हणाली. "ऊस म्हंजे आंधळी भिंत. आत कोन बसलंय, कोन वैरण काढतंय, दिसतंय व्हय? ह्ये रान न्हाय." दुसऱ्या रानाला पलीकडून वाट होती. तिसऱ्यात भुसकटाचा ढीग होता. "पोरं ढिगामागं खेळत्यात." चौथ्याला चारी बाजू मोकळ्या होत्या, पण तिथं बायका सरवा वेचून गेल्या होत्या. काढणी झाल्यावर रानात मागं राहिलेल्या शेंगा, दाणे गोरगरीब बायका वेचून नेतात, तो सरवा. "आज वेचून गेल्यात, काय ऱ्हायलं असंल तर उद्या बी येत्याल." तेही रान गेलं.

पाचव्या रानात सगळं जमत होतं. उताराचं, लांबपर्यंत उघडं, मागं नुसतं आभाळ. आभाळ मागं असल्याशिवाय बंदुकीच्या घोड्याला बोट लावायचं नाही हा तिचा नियम. तिनं तोंडाला हात लावून हाळी दिली, "कोन हाय काऽऽ रानात?" थांबली. परत दिली. थांबली. मग बांधावर तिला एक चप्पल दिसली. एकच. लहान पायाची, निळ्या पट्ट्याची, मातीनं भरलेली.

त्या एका चपलेपायी आक्कानं ते रान सोडलं. एवढंच नाही, ती चप्पल घेऊन गावात आली आणि देवळापुढच्या चौकात प्रत्येकाला विचारत सुटली, "ही कुनाची? ह्यातलं पोरगं कुटं हाय?" लोक हसत होते. एक म्हातारा म्हणाला, "हौसा, ती गेल्या पुराच्या गाळातली असंल की." आक्का हसली नाही. तिचे ओठ पांढरे पडले होते. दुपारी एक बाई येऊन म्हणाली की ती तिच्या लेकीची, मागच्या वर्षी हरवलेली, आणि लेक शाळेत आहे. आक्का त्या लेकीला बघायला शाळेत जाऊन आली. मगच जेवली.

तेव्हा मला वाटलं, ही बाई आजारी आहे. हिला कोल्हापुरात कुणा डॉक्टरला दाखवायला पाहिजे. मी हे सुलाबाईला बोलून दाखवलं. आक्का गोठ्यात धार काढत होती. सुलाबाई चुलीपुढे बसून लसूण सोलत होती.

"आजारी न्हाय ती," सुलाबाई म्हणाली. "तुला डोळ्याचं सांगितलं न्हाय व्हय कुनी?"

मग तिनंच सांगितलं, आणि अशा आवाजात सांगितलं जणू दुसऱ्या कुणाचं आहे. आक्का लग्न होऊन नवी आलेली. घरचा भुईमूग निघालेला. आक्का सकाळी रानात वैरणीला गेली, तर भुईमुगाच्या मोकळ्या रानात हे पारवे! एवढे तिनं माहेरीसुद्धा पाहिले नव्हते. नवऱ्याला शिकारीची आवड आहे हे तिला ठाऊक झालेलं. नवी नवरी, नवऱ्याला खूश करायची हौस. ती पळत घरी आली आणि म्हणाली, "चला की, खालच्या रानात लई उतरल्यात." तो बंदूक घेऊन निघाला. हीच पुढं होऊन त्याला वाट दाखवत गेली. त्या रानाच्या खालच्या अंगाला, बांधाच्या सावलीत, सुलाबाई वाकून शेंगा वेचत होती.

"थवा उटला, दादानं बार टाकला," सुलाबाई म्हणाली, "आनि त्याच टायमाला मी कंबर ताठ करायला हुबी ऱ्हायलो. बास. एवडंच झालं."

"आणि मग?"

"मग काय? मिरजंला नेलं. डोळा गेला. ठरल्यालं लगीन मोडलं. दादानं परत बंदुकीला हात लावला न्हाय, मरंपतूर. आनि हिनं..." तिनं गोठ्याकडे हनुवटी केली. "मला एका डोळ्यानं समदं दिसतंय बग. पर हिला दोन्ही डोळ्यांनी माझा एकच दिसतोय."

मी विचारलं, मग आक्कानं ती बंदूक ठेवली कशाला? नवरा गेल्यावर देऊन का टाकली नाही?

सुलाबाईनं लसणाची सालं चुलीत टाकली. मग म्हणाली, "संदीप हाय न्हवं."

संदीप हा आक्काच्या दिराचा मुलगा. तिशीतला, अंगानं भरलेला, टेम्पो चालवायचा. मनानं वाईट नव्हता. आक्काची विजेची मोटर बिघडली तर स्वतः विहिरीत उतरायचा, सुलाबाईला यात्रेला न्यायचा. पण त्याला कशाची भीती नव्हती. गाडी मारताना नाही, साप धरताना नाही, पुराच्या पाण्यात उडी घेताना नाही. आणि आजोबांची बंदूक आपल्या नावावर व्हावी ही त्याची लहानपणापासूनची इच्छा. फेटा बांधून, बंदूक खांद्यावर टाकून काढलेला फोटो मोबाईलवर लावायचा, मित्रांना दाखवायचा. आक्का त्याला पेटीजवळ उभंही राहू द्यायची नाही.

"काकू, तुमाला भ्या वाटतंय तर मला द्या की," तो म्हणायचा.

"तुला वाटत न्हाय म्हनूनच दीत न्हाय," आक्का म्हणायची.

म्हणजे ती बंदूक आक्कानं शिकारीसाठी ठेवली नव्हती. दुसऱ्या कुणाच्या हाती पडू नये म्हणून ती तिच्यावर बसून होती, नागावर पाय ठेवून उभं राहिल्यासारखी. पाय काढता येत नाही आणि ठेवूनही झोप नाही. वर्षातून एखाद-दोन वेळा ती पारवा मारायचीही. मी एकदा ते पाहिलं. थवा उठला, तिनं उंच बार टाकला, एक पाखरू गळालं. पण बंदूक खाली करून आक्कानं पाखराकडे बघितलंच नाही. वळून आधी आम्हा सगळ्यांना बघितलं, एकेकाला. माझ्या खांद्याला हात लावून बघितलं. पाखरू आणायला दुसरंच कोणीतरी गेलं. परत येताना ती म्हणाली, "पाखरू चुकलं तर उडून जातंय, शिस्टर. मानूस चुकला तर जलमभर बसून ऱ्हातंय."

दुसऱ्या वर्षी, हरभरा निघायच्या दिवसांत, अशोक आला. कबनूरचा, यंत्रमागावर कामाला. आईला लकवा झालेला, उजवी बाजू गेलेली, बोलणं गेलेलं. सरकारी दवाखान्यातनं घरी पाठवलेलं. आक्कानं त्याला चहा दिला आणि म्हणाली, "बघतो. रान मिळालं तर."

रान मिळेना. साखर कारखाने चालू होते, जिकडेतिकडे ऊसतोडीच्या टोळ्या. बीडकडची माणसं, पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, घालून शिवारात उतरलेली. त्यांच्या बायका, त्यांची पोरं कुठल्या वेळी कुठल्या बांधावर असतील याचा नेम नाही. आक्का रोज सकाळी काठी घेऊन जायची आणि मान हलवत परत यायची. अशोक रोज रात्रपाळी करून मोटरसायकलवरनं यायचा, तांबरलेल्या डोळ्यांनी पायरीवर बसायचा. शेवटी एक दिवस त्याचा तोल सुटला.

"आक्का, एक पाखरू मागतोय मी. रानं भरून पारवं बसल्यात, मी येताना बघितलं. तुमाला द्यायचंच न्हाय असं सांगा. माझी आई तिकडं..."

संदीप तिथंच होता. तो म्हणाला, "काकू, चौगुल्याचं रान बघितलंसा काय? हरभरा काल निघालाय. शेजारचा ऊस बी तुटून गेलाय. चारी बाजू मोकळ्या. आता त्यात बी काय खोट काढनार?"

आक्का उठून गेली, बघून आली. खरंच खोट नव्हती. ऊस तुटलेला, वाट लांब, नदीच्या बाजूला उतार, मागं आभाळ. कोप्या होत्या, पण बऱ्याच अलीकडं. तिनं हाळी दिली होती, कोणी नव्हतं. ती घरी आली, पेटी उघडली आणि बंदूक काढली. त्या वेळी तिचा चेहरा मी पाहिला नाही. मी लसीचा डबा घेऊन कोप्यांकडे गेले होते. टोळीतल्या लहान मुलांना डोस द्यायचे होते.

एका कोपीत आई आणि तान्हं बाळ दोघंही नव्हते. शेजारची बाई म्हणाली, "तिच्या अंगात ताप हाये. कोपीत धूर झाला म्हनून लेकरू घिऊन गेली कुठंतरी पडायला." मी डबा उचलला आणि तिला शोधत बांधाबांधानं निघाले. चौगुल्यांच्या रानाच्या टोकाला आले आणि समोर आक्का दिसली. बाभळीखाली गुडघा टेकून बसलेली, बंदूक मांडीवर. मागं संदीप आणि अशोक.

"शिस्टर!" ती ओरडली. "माझ्या मागं. आदी मागं ये!"

मी पळत तिच्या मागं गेले. तिनं परत हाळी दिली, "कोन हाय काऽऽ?" रान गप्प. हरभऱ्याची वाळकी काडी, मधून जाणारा कोरडा पाट, बाकी काही नाही. मी तोंड उघडून सांगणार होते की मी एका बाईला शोधतेय, तेवढ्यात नदीकडून थवा आला. असा थवा मी पुन्हा पाहिला नाही. रानावर सावली फिरली. त्यांनी एक घेर घेतला आणि उतरले, रानभर, राखाडी चादर अंथरावी तसे.

आक्कानं बंदूक खांद्याला लावली. अशोकनं हात जोडलेले. संदीप श्वास रोखून. थवा उठवायला आता नुसती टाळी पुरली असती.

आणि आक्का थांबली.

"मारा की काकू," संदीप कुजबुजला.

ती हलली नाही. तिच्या मानेची शीर ताठ झालेली मला दिसत होती. "तितं बसंना झाल्यात," ती म्हणाली.

"कुटं?"

"पाटाजवळ. तितं का बसंना झाल्यात?"

मी बघितलं. तिनं सांगितलं नसतं तर मला दिसलं नसतं. सगळं रान पारव्यांनी भरलं होतं, पण पाटाच्या मधल्या भागाजवळ एक तुकडा मोकळा होता. एक पाखरू तिकडं उतरायला गेलं आणि जमिनीला पाय लागायच्या आधी फडफडून बाजूला झालं. दाणा तिथंही तेवढाच सांडला असणार.

"साप असंल," संदीप म्हणाला. "उठवतो मी, तुमी टाका बार."

"न्हाय."

"काकू, पाखरं जात्यात! आना हिकडं, मी टाकतो."

आणि त्यानं बंदुकीला हात घातला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. त्याला फक्त भीती नव्हती. नळी एका बाजूनं त्यानं धरली, दस्ता आक्कानं धरला, आणि ती नळी आमच्या तोंडांवरनं फिरली. अशोकच्या, माझ्या. मला एवढंच आठवतं, की दोन काळी भोकं माझ्याकडे बघत होती. मी ओरडले का, ते मला आजही आठवत नाही.

आक्कानं बंदूक ओढली नाही. ओढली असती तर बार उडाला असता. तिनं अंगठ्यानं वरची कळ दाबली आणि सगळा भार नळीवर टाकला. बंदूक मधोमध मोडून उघडली, दोन्ही काडतुसं टपकन मातीत पडली. रिकामी बंदूक संदीपच्या हातात राहिली. आवाजानं थवा उठला, आणि त्या फडफडाटात आक्का पाटाकडे धावत सुटली, साठीची बाई, अनवाणी, "कोन हाय, कोन हाय गं" करत.

पाटात एक बाई झोपली होती. कोरड्या पाटात मऊ भुसकट साचलं होतं, त्यावर. अंगावर मातकट रंगाचं पोतं पांघरलेलं, पोत्याखाली छातीशी तान्हं मूल. तीच, मी शोधत होते ती. तापानं तिला शुद्ध कमी होती. आक्काच्या हाळ्या तिला ऐकू गेल्या नव्हत्या. पण पहिला बार ऐकून ती दचकून उठून बसली असती. आणि उठणाऱ्या थव्यावर टाकलेला दुसरा बार माणसाच्या डोक्याच्या उंचीनंच जातो.

मी गुडघ्यावर बसून बाळाला बघितलं. ते आईला चिकटून गाढ झोपलेलं. बाईचं अंग भाजत होतं. मी तिला पाणी पाजलं, ताप बघितला, अशोकला गाडी आणायला पाठवलं. हे सगळं करताना मागून एक आवाज येत होता, बारीक, कण्हल्यासारखा. वळून बघितलं तर आक्का मातीत बसलेली. तिचे दात वाजत होते. साडी ओली झाली होती आणि तिला त्याची शुद्ध नव्हती. ती त्या पोत्याकडे बघत एकच म्हणत होती, "रान मी निवडलं गं. परत मीच निवडलं."

संदीप बंदूक हातात धरून जिथं होता तिथंच उभा. मग त्यानं ती बांधावर ठेवली, हळू, काचेची असल्यासारखी. अंगातला शर्ट काढून तो आक्काजवळ आला आणि तिच्या मांडीवर टाकला.

त्या बाईला आम्ही ग्रामीण रुग्णालयात नेलं. चार दिवसांत ती बरी होऊन परत कोपीत आली. तिला काय घडलं असतं हे कुणी सांगितलं नाही. आक्कानं तिला घरचं दूध पाठवलं, टोळी हलेपर्यंत. अशोक पुन्हा पारव्यासाठी आला नाही. मी त्याच्या घरी जाऊन आईचे हात-पाय कसे हलवायचे ते बायकोला दाखवून आले. पावसाळ्यात आई गेली. आक्का मातीला गेली होती.

पाटातल्या त्या प्रकारानंतर आठवड्याभरात आक्का मला म्हणाली होती, "शिस्टर, रजा काड. ठान्यात जायाचं हाय." संदीपनंच टेम्पो काढला. पेटी मागं ठेवली होती, आम्ही तिघं पुढं.

ठाण्यातला हवालदार आक्काला ओळखत होता. निवडणुका आल्या की सगळ्यांच्या बंदुका जमा करून घेतात, तेव्हा ती नेहमी पहिल्या दिवशी यायची. तो म्हणाला, "मावशी, इलेक्शन न्हाय अजून. लवकर आलीसा."

"कायमची द्यायला आलो."

"अवो, चालू परवाना हाय. पुतन्या हाय की, त्याच्या नावावर करा. अर्ज देतो मी." त्यानं संदीपकडे बघितलं. "काय रे, नको काय तुला?"

मी संदीपकडे बघितलं. लहानपणापासून ज्या वस्तूसाठी तो झुरला ती टेबलावर पडली होती. तो भिंतीकडे बघत म्हणाला, "नको सायेब. मला भ्या वाटतंय."

हवालदार हसला. आक्का हसली नाही. तिनं संदीपच्या पाठीवर हात ठेवला आणि तिच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाली, "लिवा सायेब. हिला वारस न्हाय."

मला वाटलं होतं, घरातून पेटी गेली की तिची भीतीही जाईल. गेली नाही. शिट्टीला छातीवर हात जायचाच. सकाळी काठी घेऊन ती रानं हिंडायचीच, आता कशाला, असं विचारलं तर म्हणायची, "दुसऱ्या कुनाकडं असंल की बंदूक." सुलाबाई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. तिचं तिला म्हाईत."

त्याच वर्षी माझी बदली झाली. सामान आधीच गेलं होतं. आक्का मला घालवायला जयसिंगपूरच्या स्टँडपर्यंत आली. शेंगांच्या चटणीचा डबा माझ्या पिशवीत स्वतः कोंबला, बावड्याला घरी कोण-कोण आहे ते पुन्हा विचारलं, बसमध्ये खिडकीजवळ बसू नको म्हणून बजावलं. मी खिडकीजवळच बसले. ती खाली फलाटावर उभी होती, टॉवेल डोक्याला, माझ्याकडे बघत.

स्टँडच्या बाहेर रस्त्यावरून लग्नाची वरात चालली होती. कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. धडाधड आवाज सुरू झाला आणि फलाटावरचे सगळे लोक मान वळवून तिकडे बघायला लागले. मीही बघितलं. परत वळले तर आक्का जागेवर नव्हती.

ती नळाजवळ खाली पडली होती. पालथी. मला वाटलं चक्कर आली. मग तिच्या अंगाखालून दोन लहान पाय बाहेर आलेले दिसले. कुणाची तरी पाच-सहा वर्षांची मुलगी, कुरकुरे खात उभी असलेली. आक्कानं तिला ओढून खाली घेतलं होतं आणि वर स्वतः पसरली होती, दोन्ही हातांनी तिचं डोकं झाकून. कुरकुरे सगळीकडे सांडलेले.

मुलीची आई किंचाळत धावली. "ए म्हातारे, येडी हैस काय! सोड माझ्या लेकीला!" लोक जमले. कुणी आक्काला दंडाला धरून उठवायला लागलं, कुणी मोबाईल काढला. माळ संपली. आक्का गुडघ्यावर उठली. टॉवेल पडलेला, कोपर फुटून रक्त येत होतं. तिला कुणाचंच बोलणं ऐकू येत नव्हतं. ती त्या मुलीच्या डोक्यावरनं, मानेवरनं, पाठीवरनं हात फिरवत होती आणि विचारत होती, "लागलं न्हाय न्हवं बाळ? कुटं लागलं न्हाय न्हवं?"

मुलगी आधी रडायच्या बेतात होती. मग तिनं आक्काच्या तोंडाकडे बघितलं आणि मान हलवली. नाही.

बस सुटली. मी उठून दाराकडे जायला लागले, तर कंडक्टर म्हणाला, "बाई, बसा." मागच्या काचेतून मला दिसलं, ती आई आता ओरडत नव्हती. तिनं पदराचं टोक ओलं करून आक्काच्या कोपराला लावलं होतं आणि पाण्याची बाटली तिच्यापुढे धरली होती. आक्का ती बाटली हातानं परत ढकलत होती. आवाज आमच्या बसपर्यंत आला.

"मला ऱ्हाऊ दे गं. आदी तिला पाज. पोरगी भ्यालीया."

मग बस वळली.